फ्रेंच कांद्याचं सूप : पथ्याचं, पण वेगळ्या पातेल्यातलं नव्हे

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात सभासदांच्या कार्यक्रमात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीट करून लिहून दिलं आहे.)



गणपतीसमोर उभं राहून कांद्यावर बोलणारा मी या मंडळातला बहुधा पहिलाच वक्ता. आजच्या नैवेद्यात कांदा नाही, लसूण नाही. चातुर्मास चालू आहे. ज्यांच्या घरी अजून कांदेनवमी पाळतात त्यांनी आषाढातच भजी, झुणका आणि थालीपिठं खाऊन कांद्याचा चार महिन्यांसाठी निरोप घेतलाय. मी सेक्रेटरींना आधीच विचारलं होतं. ते म्हणाले, "काका, बोलायला हरकत नाही, फक्त मंडपात वास येऊ देऊ नका." तेव्हा आजचं सूप बिनवासाचं आहे.

१९९८ साली कंपनीने मला सहा महिन्यांसाठी फ्रान्समध्ये तुलूझला पाठवलं. शेवटच्या महिन्यात आमच्या सौ. तिकडे आल्या आणि परतताना आम्ही चार दिवस पॅरिसला राहिलो. नोव्हेंबरची रात्र होती, पाऊस बारीक, थंडी अशी की बंगळूरच्या डिसेंबरला लाज वाटावी. आम्ही ले आल नावाच्या भागात फिरत होतो. इथे एकेकाळी पॅरिसची मोठी मंडई होती. एमिल झोलाने १८७३ साली तिच्यावर अख्खी कादंबरी लिहिली आणि तिला 'पॅरिसचं पोट' असं नाव दिलं. १९६९ मध्ये ती मंडई शहराबाहेर रंजिसला हलवली आणि पुढच्या काही वर्षांत जुने लोखंडी-काचेचे मंडपही पाडून टाकले. म्हणजे आम्ही गेलो तेव्हा हमाल नव्हते, गाडे नव्हते. पण त्या हमालांना पहाटे लागायचं ते सूप मात्र तिथल्या हॉटेलांत टिकून होतं. नाटक बघून उशिरा घरी जाणारे शौकीन आणि रात्रभर पोती वाहणारे हमाल, दोघेही एकाच प्रकारच्या वाडग्यातून ते प्यायचे.

ते सूप आमच्यासमोर आलं तेव्हा सूप दिसतच नव्हतं. वरती भाजलेल्या चीझचं जाड झाकण, कडेने करपलेलं, खालून बुडबुडे. चमचा घातला तर चीझची तार हातभर लांब. त्याखाली रश्श्यात भिजलेला पाव, आणि त्याखाली तपकिरी, मऊ, गोडसर कांदा. सौ.ंनी पहिल्याच घासाला जीभ भाजून घेतली आणि म्हणाल्या, "अहो, हा तर यांचा कुस्करा!" मला ते तेव्हा गंमत म्हणून वाटलं. पुढे विचार केला तर अगदी बरोबर होतं. शिळा पाव, स्वस्त कांदा, हाडांचं पाणी. गरिबाच्या घरात जे उरतं त्याचं गरम काहीतरी करायचं, ही आपल्याकडच्या शिळ्या भाकरीचीच अक्कल. फ्रेंच लोक त्याला राजाची गोष्ट जोडतात. पोलंडचा पदच्युत राजा स्तानिस्लास, म्हणजे पंधराव्या लुईचा सासरा, प्रवासात एका खानावळीत उतरला, हे सूप प्याला आणि कृती शिकल्याशिवाय तिथून हलेना, अशी कथा अलेक्झांडर ड्यूमाने आपल्या पाककोशात सांगितली आहे. खरी की खोटी ते ड्यूमा जाणे. कांदा चिरताना राजाच्या डोळ्यांतून पाणी आलं असणार, एवढं मात्र मी मानतो.

त्यानंतर बंगळूरला दरवर्षी थंडीत एकदा तरी आमच्याकडे हे सूप व्हायचं. करायच्या सौ. मी फक्त कांदे चिरायचो आणि रडायचो.

२०१६ साली सौ.ंना मधुमेह निघाला. घरोघरची गोष्ट आहे, या मंडपात हात वर करायला सांगितले तर आरतीला उठतील तेवढे उठतील. गोळ्या सुरू झाल्या, साखर बंद झाली, भात मोजून आला. हे सगळं त्यांनी निमूटपणे केलं. पण एक गोष्ट त्यांना सहन होईना. कुणी पाहुणे आले की त्यांच्यासाठी वेगळी वाटी, वेगळी भाजी, वेगळं ताट. एकदा त्या सरळ म्हणाल्या, "मला कमी वाढा, पण वेगळं वाढू नका. आजारी माणसाचं ताट समोर आलं की आधी आजार जेवतो, मग मी." त्या वर्षी थंडीत सूप झालं नाही. पुढच्याही वर्षी नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "तुम्ही घ्या करून. मी बघत बसेन." आता असं सूप कोण पिणार?

मी तेव्हा नुकताच निवृत्त झालो होतो. आयुष्यभर मोजमापाचं काम केलेला माणूस, हातात वेळ, आणि घरात एक नवा वजनकाटा. ठरवलं की हे सूप असं करायचं की त्यांना चालेल आणि मलाही तेच प्यावंसं वाटेल. पातेलं एकच.

पहिला प्रयोग सांगतो, कारण त्यातच सगळी अक्कल आहे. हल्ली 'लो-कार्ब' या शब्दाची फार चलती आहे. मी वाचलं होतं की या सूपमधून पाव काढला, मैदा काढला आणि चिमूट साखर काढली की ते लो-कार्ब होतं. ज्युलिया चाइल्डबाईंच्या १९६१ च्या प्रसिद्ध पुस्तकातल्या कृतीतही मैदा आहे आणि रंग चांगला यावा म्हणून थोडी साखर आहे. ते तिन्ही मी काढून टाकलं आणि खूश झालो. सोललेला एक किलो कांदा तासभर परतला. त्याचा जेमतेम पाव किलो गोळा झाला. तो दोघांत निम्मा निम्मा. मी हिशेब केला : शंभर ग्रॅम कांद्यात कर्बोदकं नऊ-दहा ग्रॅम, वाडग्यात कांदा सव्वाशे ग्रॅम, म्हणजे बारा ग्रॅम. एका फुलक्यापेक्षाही कमी! मी मोठ्या रुबाबात सौ.ंना सांगितलं, "पोटभर घ्या, काही होत नाही." त्यांनी वाडगा चाटून पुसून संपवला. दोन वर्षांनी पहिल्यांदा.

दोन तासांनी ग्लुकोमीटरवर २३८.

एरवी जेवणानंतर दीडशे-एकशे साठच्या आसपास असायची. त्या काही बोलल्या नाहीत. मीटर टेबलावर ठेवला आणि आत गेल्या. मला त्या आकड्यापेक्षा ते न बोलणं जास्त लागलं. रात्री मी कागद घेऊन बसलो तेव्हा चूक दिसली, आणि ती शाळेतल्या मुलाने करावी अशी होती. कच्च्या कांद्याचा आकडा मी शिजलेल्या कांद्याला लावला होता. कांद्यात नव्वद टक्क्यांच्या जवळपास पाणी असतं. तासभर परतला की उडतं ते पाणी. साखर कुठे जाते? ती तिथेच राहते, दाटून. थोडीशी रंगात आणि वासात खर्च होते, पण हिशेबात धरावी इतकी नाही. म्हणजे त्यांच्या वाडग्यात सव्वाशे ग्रॅम नव्हे, अर्धा किलो कांदा होता. पंचेचाळीसच्या वर कर्बोदकं. पाव मी काढला होता खरा, पण पावाचा भाऊ आत बसला होता.

तेव्हा माझी पहिली विनंती ही की कांदा कच्चा असताना, सोलून, मोजा. शिजल्यावरचं वजन किंवा वाटी काही कामाची नाही. आणि 'लो-कार्ब' लिहिलं आहे म्हणून विश्वास ठेवू नका. मी लिहिलं असलं तरी ठेवू नका.

आता मूळ सूपचा हिशेब मांडू. चौघांसाठी एक किलो कांदा घेतला तर प्रत्येकी पाव किलो, म्हणजे चोवीस ग्रॅमच्या आसपास. पावाचे दोन जाड काप, सत्तावीस-अठ्ठावीस. मैदा आणि साखर मिळून चार. बेरीज साधारण पंचावन्न, म्हणजे तीन फुलके, आणि ते जेवणाआधीच. यात पाव निम्मा आहे आणि कांदा निम्म्याला थोडा कमी. पाव पूर्ण काढता येतो. कांदा पूर्ण काढला तर सूपच उरत नाही. म्हणून प्रश्न असा की कांदा निम्मा करून चव पुरी कशी ठेवायची?

याचं उत्तर मला अळंबीत, म्हणजे आपल्या बटण मशरूममध्ये सापडलं. शंभर ग्रॅममध्ये कर्बोदकं तीनच्या आसपास, आणि नीट परतलं तर रंग मटणाच्या रश्श्यासारखा. मी चौघांसाठी आता अर्धा किलो कांदा आणि चारशे ग्रॅम मशरूम घेतो. आधी कोबी घालून पाहिला होता. दिसायला कांद्यासारखा, पण उकळल्यावर घरभर शाळेच्या वसतिगृहाचा वास. सोडून दिला.

कांदा कुठला? इथे बाजारात ईरुळ्ळी म्हणून मोठा लाल मिळतो तो उत्तम. छोटा गुलाबी बंगलोर रोझ दिसायला गोड आहे, पण सोलता सोलता माणूस म्हातारा होतो, आणि मी आधीच आहे. एक गैरसमज दूर करतो. तिखट कांद्यात साखर कमी असते असं नाही. कांद्याचा तिखटपणा गंधकाच्या संयुगांमुळे असतो. ती शिजताना निघून जातात आणि मागे राहिलेली साखर जाणवायला लागते. तेव्हा नाकाला झोंबणारा कांदा घेतला म्हणून हिशेब बदलत नाही.

कांदा देठापासून मुळाकडे उभा, पातळ चिरायचा. आडवा चिरला तर लवकर विरघळतो आणि चमच्यात काही येत नाही. जाड बुडाची रुंद कढई, बिडाची असेल तर सोनंच. दोन चमचे लोणी आणि एक चमचा तेल. कांदा आणि मीठ घालून पंधरा मिनिटं झाकण ठेवून मंद आचेवर. मग झाकण काढायचं आणि इथून खरी परीक्षा. पुस्तकांत लिहिलेलं असतं 'दहा मिनिटांत सोनेरी परता'. खोटं आहे. दहा मिनिटांत तो फक्त आपल्या भाजीच्या फोडणीइतका होतो. या सूपला पाऊण तास लागतो, कधी त्याहूनही जास्त. दर चार-पाच मिनिटांनी ढवळायचं, आणि बुडाला तपकिरी थर धरला की दोन चमचे पाणी शिंपडून तो उलथन्याने खरवडून कांद्यात मिसळायचा. पुन्हा धरू द्यायचा, पुन्हा खरवडायचा. सात-आठ वेळा. सगळी चव त्या खरवडीत आहे. रंग येतो तो कांद्यातली साखर आणि अमिनो आम्लं तापून एकमेकांशी जोडली जातात त्यामुळे. १९१२ साली मायार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने ही प्रक्रिया सांगितली. बासुंदीचा बदामी रंग आणि भाजलेल्या पोळीवरचे डाग याच घराण्यातले.

चिमूटभर खायचा सोडा घातला तर हे काम निम्म्या वेळात होतं. मी करून पाहिलं. रंग येतो, पण कांद्याचा लगदा होतो आणि तोंडात साबणाची आठवण राहते. निवृत्त माणसाने तरी घाई करू नये.

मशरूम वेगळ्या तव्यावर. आधी तेल न घालता, मोठ्या आचेवर. पाणी सुटतं, ते आटू द्यायचं, मगच थोडं लोणी घालून कडा तांबूस होईपर्यंत परतायचं. तव्यात गर्दी केली तर ते परतले जात नाहीत, उकडतात.

रस्सा. फ्रान्समध्ये बहुधा गाईच्या हाडांचा असतो. आमच्याकडे मी कोंबडीच्या हाडांचा दोन तास मंद उकळून करतो, आणि शाकाहारी पाहुणे असले की मशरूमचे देठ, सेलरी, मिरे, तमालपत्र आणि एखादी लसूण पाकळी यांचा. तयार रश्श्याच्या वड्या वापरणार असाल तर वेष्टनावरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचा. पुष्कळ वड्यांत साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन असतं आणि मीठ तर विचारूच नका. मूळ कृतीत वाइन किंवा थोडी ब्रँडी असते. कोरड्या पांढऱ्या वाइनमध्ये साखर फारच थोडी असते, ज्यांना चालते त्यांनी अर्धी वाटी घालून आटवावी. आमच्याकडे एक चमचा व्हिनेगर जातं. आंबटपणाचा तो एक टोचा हवाच, नाहीतर सूप नुसतं गोड लागतं. कांदा, मशरूम, सव्वा लिटर रस्सा आणि जमलं तर थोडी थाइमची पानं हे सगळं वीस-पंचवीस मिनिटं उकळू द्यायचं.

मैदा नाही म्हणजे दाटपणा कसा? या बाबतीत मी एक महान प्रयोग केला. इसबगोल घातलं. कुणी करू नका. पाच मिनिटांत पातेल्यात असं काही तयार झालं की त्याने मंडपाचे पताके चिकटवता आले असते. शेवटी सोपा उपाय निघाला. शिजलेल्या कांद्यातला चमचाभर रश्श्यासकट वाटून परत घालायचा. तेवढं पुरतं, आणि नवीन काही आत जात नाही.

आता पावाची जागा. बदामाच्या पिठाचा पाव करून पाहिला, तो बुडाला. पाव तिथे दोन कामांसाठी असतो. रस्सा पितो आणि चीझला वर उचलून धरतो. पहिलं काम मला दुसऱ्या कशाकडूनही करून घेता आलं नाही, हे कबूल करतो. दुसरं काम पनीर उत्तम करतं. अर्धा इंच जाड काप, फडक्यात दाबून कोरडा करायचा आणि तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस. पनीर वितळत नाही, हाच इथे त्याचा गुण. सूप वाडग्यात काठोकाठ न भरता काप त्या दाट कांद्यावर टेकवायचा.

चीझ तिकडे ग्रुयेर किंवा कोंते वापरतात. इथे मोठ्या दुकानांत मिळतं, पण किंमत ऐकून साखर नाही तर रक्तदाब वाढतो. मी मोझरेला आणि जुनं चेडर निम्मं निम्मं घेतो, प्रत्येकी पंचवीस ग्रॅम. मुरलेल्या चीझमध्ये दुधातली साखर जवळपास संपलेली असते, त्यामुळे कर्बोदकांची काळजी नाही. मिठाची आणि स्निग्धांशाची मात्र आहे, म्हणून पंचवीसच. त्यातलं थोडं नॉनस्टिक तव्यावर पसरून जाळीदार पापडासारखं भाजून घ्यायचं, उरलेलं पनीरवर घालून वाडगा ओटीजीत ग्रिलखाली तीन-चार मिनिटं ठेवायचा. तो पापड शेवटी वर खोचायचा. पाव नसल्याचं दुःख त्या कुरकुरीने निम्मं कमी होतं. वाडगे ओव्हनमध्ये चालणारेच घ्या. आमच्या लग्नातल्या सेटचा एक मी तडकवला आहे, आणि त्याचा हिशेब कर्बोदकांत होत नाही.

बेरीज : कांदा बारा, मशरूम तीन, पनीर आणि चीझ मिळून दोन-तीन. सतरा-अठरा ग्रॅम, म्हणजे साधारण एक फुलका. सौ. त्या दिवशी एक फुलका कमी घेतात. हे शून्य नाही, आणि कुणी शून्य म्हणून विकत असेल तर त्याच्या कांद्याकडे नीट बघा. दुसऱ्या प्रयोगाच्या रात्री मीटरवर १५२ आली. हा आमच्या घरातला एका माणसाचा आकडा आहे, तुमचा वेगळा येईल. जे इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेतात त्यांनी जेवणातली कर्बोदकं एकदम कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारावं, नाहीतर साखर खाली घसरते आणि ते जास्त वाईट. आणि ज्यांचं पोट कांद्याने फुगतं त्यांचं या सूपनेही फुगेल. मशरूम त्यात भरच घालतील.

परवा आमचे तुलूझचे जुने फ्रेंच सहकारी कामानिमित्त बंगळूरला आले होते, त्यांना हेच दिलं. त्यांनी पनीर उचलून बघितलं, खाल्लं, आणि विचारलं, "पाव कुठे आहे?" मी म्हटलं, "आमच्याकडे नसतो." सौ. म्हणाल्या, "असतो, पण आज सगळ्यांनाच नाही." मग त्यांनी दुसरा वाडगा मागितला. तो मी दिला नाही, कारण चौघांचं मोजून केलं होतं.

कृती लिहिलेले कागद व्यासपीठाच्या उजव्या बाजूला ठेवले आहेत, बाहेर जाताना घ्या. ज्यांना चव बघायची आहे त्यांनी कार्तिकी एकादशी उलटली की घरी यावं. आधी फोन करा. वाडगे आता तीनच उरलेत.